दुधाच्या दातांचे रंग: काळ्याआधी पांढरा बघा

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या दातावर काळं काही दिसलं की घर हादरतं. आजी म्हणते, कीड लागली. दुसरं कुणी म्हणतं, दुधाचेच दात, पडायचेच आहेत, कशाला डॉक्टर? आई-बाबा या दोन मतांमध्ये अडकून आठवडेच्या आठवडे घालवतात. लहान मुलांच्या दातांवरचे काही काळे डाग अगदी निरुपद्रवी असतात. जो डाग खरोखर लवकर दिसायला हवा, तो मात्र पांढरा असतो. पांढऱ्या दातावर पांढरा डाग, तोही ओठाआड. तो कुणाच्या नजरेला पडत नाही आणि कीड साध्या उपायांनी थोपवता आली असती, असे महिने तसेच निघून जातात.

दुधाच्या दातांचा मूळ रंग

दुधाचे दात एकूण 20. पहिला, बहुधा खालचा समोरचा, सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन होतात. समोरचे दात मूल सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडू लागतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाची मागची दाढ अजून आठ-नऊ वर्षं घास चावायच्या कामाची असते. ‘पडायचेच आहेत’ हे वाक्य म्हणूनच फार महागात पडतं. दाढ वेळेआधी गेली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही.

दुधाच्या दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, कायमच्या दाताच्या मानाने साधारण निम्म्या जाडीचं असतं. दिसायला ते जास्त पांढरं, किंचित निळसर झाक असलेलं. इनॅमल पातळ आणि आतली नस पृष्ठभागाच्या जवळ, त्यामुळे कीड एकदा आत शिरली की नसेपर्यंत पोहोचायला तिला फार वेळ लागत नाही. मोठ्या माणसाच्या दातात जे वर्षांत घडतं, ते इथे काही महिन्यांत घडू शकतं.

इथेच एक सांगून टाकतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचे नवे कायमचे दात शेजारच्या दुधाच्या दातांपुढे पिवळे दिसतात आणि पालक घाबरतात. त्या दातांचा तो स्वाभाविक रंग आहे. त्यावर काहीही करायचं नसतं.

बघायचं कसं

मुलाला आडवं करून डोकं आपल्या मांडीवर घ्यावं, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करावं आणि वरचा ओठ बोटाने अलगद उचलावा. नुसतं ‘आऽऽ कर’ म्हणून भागत नाही, कारण सुरुवात होते ती हिरडीलगत, ओठाखाली. ओल्या दातावर डाग लपतात, म्हणून स्वच्छ मऊ कापडाने किंवा गॉजने दात पुसून कोरडे करावेत.

मग तीन गोष्टी पाहायच्या. पुसल्यावर डाग गेला का? डाग कुठे आहे: हिरडीच्या कडेला, दाताच्या मधोमध, टोकाशी, की पूर्ण दातावर? एकाच दातावर आहे की अनेक? आणि त्याला जोडून आठवायचं की मूल अलीकडे पडलं होतं का, एखादं औषध चालू आहे का, रात्री दूध पिता पिता झोपतं का. डॉक्टरही हेच विचारतात. रंगाचं नाव त्यांच्या दृष्टीने नंतरचं.

हिरडीलगतचा खडूसारखा पट्टा

वरच्या चार समोरच्या दातांवर, हिरडीच्या कडेला लागून, खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी समजावी. खड्डा नसतो, दुखत नाही, मूल मजेत खात असतं. आत मात्र इनॅमलमधली खनिजं विरघळू लागलेली असतात. तोंडातले जंतू, त्यांत स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे ठळक नाव, साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. प्रत्येक गोड घासानंतर दातावर हे आम्ल काही काळ राहतं. लाळ ते धुऊन काढते आणि गेलेली खनिजं थोडीथोडी परत बसवते. गोड इतक्या वेळा मिळत राहिलं की लाळेला उसंतच मिळाली नाही, तर तोल खनिजं जाण्याकडे झुकतो आणि तो पांढरा पट्टा उमटतो.

दाताला चिकटलेला मळही पांढरट-पिवळट असतो, त्यामुळे गोंधळ होतो. फरक सोपा आहे. मळ पुसल्यावर निघतो. मळ निघून गेल्यावर त्याच्याखाली निस्तेज पांढरं राहिलं असेल, तर ते इनॅमलचंच आहे. आणि असा पट्टा नेमका मळ साचतो त्याच जागी, हिरडीच्या कमानीला धरून येतो. दाताच्या मधोमध किंवा टोकाशी असलेले विखुरलेले पांढरे ठिपके बहुतेक वेळा दात तयार होतानाचे असतात, त्यांची घाई नसते.

या पांढऱ्या पट्ट्याबद्दल मी इतकं का लिहितो आहे? कारण कीड उलटवता येते ती याच टप्प्यावर. फ्लोराइड, नीट घासणं आणि गोडाच्या वेळा कमी करणं, एवढ्यावर इनॅमल पुन्हा टणक होऊ शकतं. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. खड्डा पडल्यावर हे शक्य राहत नाही. दात स्वतःहून खड्डा भरत नाही.

रात्रीची बाटली आणि बाकीची साखर

लहान मुलांची कीड वरच्या समोरच्या दातांपासून सुरू होते, मग पहिल्या दाढा, मग सुळे. खालचे समोरचे दात शेवटपर्यंत शाबूत राहतात. हे ठरावीक चित्र दुधाच्या बाटलीने काढलेलं असतं. बाटली तोंडात धरून मूल झोपलं की दूध वरच्या दातांभोवती साचतं. खालचे दात मात्र जिभेखाली झाकलेले असतात आणि लाळेच्या ग्रंथी तिथेच जवळ असतात. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे ते दूध धुतलं जात नाही. दुधात साखर, खारकेची पूड किंवा चॉकलेटची पावडर असेल तर नुकसान आणखी लवकर होतं.

आईच्या दुधाला इथे गुन्हेगार ठरवू नये. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही स्तनपान चालू ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि ते योग्यच आहे. वर्ष उलटल्यावर, दात आल्यावर, रात्रभर मन मानेल तेव्हा पाजलं आणि दिवसा बाकीचं गोड खाणंही भरपूर असलं, तर मात्र किडीचा धोका वाढतो. रात्री झोपण्याआधी दात घासणं आणि दिवसाचं गोड आवरणं, हे दोन्ही स्तनपान न तोडता करता येतं.

बाटली नसलेल्या घरातही साखर असते. चहात किंवा दुधात बुडवून दिलेलं बिस्कीट, टोस्ट, पाहुण्यांच्या हातची चॉकलेटं, गोड सिरप असलेली औषधं, रडू नये म्हणून चोखणीला लावलेला मध किंवा साखर. मध तर एक वर्षाखालच्या बाळाला देऊच नये. त्यातल्या जंतूंमुळे बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. एकूण किती गोड खाल्लं यासोबत दिवसात किती वेळा खाल्लं, हेही मोजायला हवं. जेवणाबरोबर एकदा खाल्लेला गुळाचा खडा दिवसभर तासातासाला मिळणाऱ्या बिस्किटापेक्षा दाताला कमी त्रास देतो.

पिवळा, तपकिरी, मग काळा

पांढऱ्या पट्ट्याकडे लक्ष गेलं नाही तर तो पिवळसर होतो, खडबडीत होतो, त्याचे तुकडे निघतात. आतला पिवळट थर उघडा पडतो आणि अन्नातल्या रंगांनी तपकिरी दिसू लागतो. या वेळी मुलाला गार पाण्याने झोंबतं, ते एका बाजूने चावतं किंवा चपाती नको म्हणून फक्त वरणभात मागतं. लहान मूल ‘दात दुखतो’ असं सांगत नाही. खाण्याच्या सवयी बदलतात, रात्री उठून रडतं, गालाला हात लावतं. दोन वर्षांचं मूल अचानक खाण्याबाबत नाठाळ झालं तर त्याचे दात जरूर पाहावेत.

काळ्या किडीतही दोन प्रकार आहेत. मऊ, ओलसर, फिकट तपकिरी भाग म्हणजे चालू कीड. कडक, चकचकीत, गडद काळा भाग म्हणजे बरेचदा थांबलेली कीड. दिसायला दुसरी जास्त भयंकर वाटते, पण धोका पहिलीचा मोठा. हा फरक घरी सुई-टाचणीने टोकरून ठरवायचा नाही. ते डॉक्टरांचं काम.

काळी रेघ, जी कीड नसते

काही मुलांच्या दातांवर हिरडीला समांतर काळ्या बारीक ठिपक्यांची रेघ असते. पेन्सिलीने काढल्यासारखी, जवळपास सगळ्या दातांवर, आतल्या बाजूलाही. दात गुळगुळीत, खड्डा नाही. तोंडातल्या विशिष्ट जंतूंमुळे लोहाची काळी संयुगं दातावर बसतात, त्यातून ही रेघ तयार होते. अशा मुलांमध्ये कीड कमी आढळते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ब्रशने ती सहसा जात नाही. दवाखान्यात पॉलिश केल्यावर जाते आणि काही महिन्यांनी परत येते. वय वाढतं तशी कमी होते. पालकांची घासण्यात काही चूक झालेली नसते, हे त्यांना सांगायला हवं, कारण अशा आयांना नातेवाइकांचं फार ऐकून घ्यावं लागतं.

लोहाचं औषध आणि काळे दात

हा विषय आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 67 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात याच वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर सिरप दिलं जातं. त्यात 20 मिलिग्रॅम लोह आणि 100 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. आशाताई घरी बाटली देऊन जातात, आई ते पाजते आणि काही आठवड्यांनी दातांवर काळपट छटा दिसली की बाटली फळीवर जाऊन बसते.

औषध बंद करू नका. हा डाग दाताच्या बाहेरून बसतो, आत शिरत नाही. दाताचं त्याने काही बिघडत नाही. ड्रॉपर गालाच्या आत, जिभेच्या मागच्या भागाकडे ठेवून हळूहळू औषध सोडावं, वरून पाणी पाजावं आणि दिवसातून दोनदा दात घासावेत. उरलेला डाग दाताचे डॉक्टर काही मिनिटांत पुसून काढतात. दात काळे होण्याच्या भीतीने लोह थांबवलं तर रक्तक्षय तसाच राहतो, आणि तो मुलाच्या वाढीला व मेंदूला नडतो. दातावरची छटा त्यापुढे काहीच नाही.

हिरवट आणि नारिंगी

वरच्या समोरच्या दातांवर, हिरडीकडच्या भागात हिरवट किंवा नारिंगी थर दिसतो तो रंग तयार करणाऱ्या जंतूंचा. दात नीट न घासणं हे मुख्य कारण. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांमध्येही हिरवा थर जास्त दिसतो. तो काढता येतो, पण त्याखाली बरेचदा आपला तो खडूसारखा पांढरा पट्टा दडलेला असतो. म्हणून एकदा दाखवावंच.

पडल्यानंतर राखाडी झालेला दात

मूल चालायला लागलं की पडतंच. पलंगाच्या कडेवर, बाथरूममध्ये, अंगणात. दोन-तीन वर्षांच्या वयात दातांना मार बसण्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं, आणि मार लागतो तो बहुतेक वेळा वरच्या दोन समोरच्या दातांना. रक्त थांबतं, सगळे विसरतात. दोन-तीन आठवड्यांनी एक दात राखाडी दिसू लागतो.

आत काय झालेलं असतं? धक्क्याने नसेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त दाताच्या आतच साठतं आणि त्याचा रंग भोवतालच्या थरात मुरतो. मार बसल्यावर लगेच दात गुलाबी दिसतो, नंतर राखाडी. यातले काही दात काही महिन्यांत पुन्हा उजळतात. काही पिवळे होतात. पिवळा होणं म्हणजे नसेने मार सोसून आतल्या बाजूने नवा कठीण थर भरून घेणं, आणि असा दात सहसा काही उपचार न करता वेळेवर पडतो. काही मात्र राखाडीच राहतात. त्यांतल्या काहींची नस मेलेली असते, पण सगळ्यांची नाही.

इथे पालकांनी एक गोष्ट ठामपणे लक्षात ठेवावी. नुसता रंग बदलला म्हणून दुधाच्या दाताची नस काढायची किंवा दात उपटायचा नसतो. दातांच्या दुखापतींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. संसर्गाची खूण दिसली तरच उपचार: हिरडीवर पूची पुटकुळी, सूज, दात जास्त हलू लागणं, दुखणं किंवा एक्स-रेमध्ये मुळाजवळ बिघाड. तोवर ठरावीक अंतराने तपासणी करत राहायचं.

ही तपासणी मात्र टाळू नये. वरच्या समोरच्या कायमच्या दाताचा अंकुर दुधाच्या दाताच्या मुळाला अगदी लागून, आतल्या बाजूला असतो आणि दोन-तीन वर्षांच्या वयात त्याचं इनॅमल तयार होत असतं. मार जोराचा असेल किंवा नंतर पू झाला असेल, तर सातव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या कायमच्या दातावर पांढरा किंवा तपकिरी डाग उमटू शकतो. हे आधीच ठाऊक असलं तर तेव्हा धक्का बसत नाही.

पडल्यावर दात हिरडीत आत घुसला, वाकडा झाला, तोंड मिटताना खालच्या दातावर आदळू लागला किंवा रक्त थांबत नसेल तर त्याच दिवशी जावं. आत घुसलेले दात पुष्कळदा सहा महिने ते वर्षभरात आपोआप पुन्हा खाली येतात, त्यामुळे घाबरून ते ओढायला लावू नये. पूर्ण निखळून पडलेला दुधाचा दात परत बसवायचा नाही. त्याने खालच्या अंकुराला इजा होते. कायमच्या दाताचा नियम याच्या बरोबर उलट असल्यामुळे लोक इथे चुकतात. निखळलेला दात सोबत मात्र न्यावा, म्हणजे तो पूर्ण आला की तुकडा आत राहिला हे कळतं. दात सापडलाच नाही तर तो हिरडीत शिरला का, श्वासात गेला का, हे पाहावं लागतं. पडल्यापासून मूल सतत खोकत असेल तर थेट रुग्णालय गाठावं.

दात तयार होतानाच मुरलेला रंग

दुधाच्या दातांवर खनिजं बसायला सुरुवात होते ती गर्भारपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास, आणि त्यांचे वरचे भाग बाळाच्या पहिल्या वर्षात पूर्ण होतात. या काळात शरीरावर जो ताण येतो त्याची नोंद इनॅमलवर राहते. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं, तसंच ज्यांच्या आईला ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता होती अशी बाळं यांच्या दातांवर खाचा, पिवळट चट्टे, इनॅमल न बनलेले भाग दिसू शकतात. असे दात लवकर किडतात, त्यामुळे त्यांना आधीपासून फ्लोराइडचं संरक्षण लागतं. सर्वांत मागच्या दुधाच्या दाढेवर स्पष्ट सीमा असलेले मलईसारखे किंवा तपकिरी चट्टे असतील तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवावेत. सहाव्या वर्षी येणाऱ्या कायमच्या पहिल्या दाढेतही तोच दोष असण्याची शक्यता वाढलेली असते.

यकृताच्या आजारामुळे लांबलेली, तीव्र कावीळ झालेल्या बाळांचे दात हिरवट येतात. नवजात बाळांना होणारी नेहमीची कावीळ असा रंग देत नाही. गरोदरपणाच्या उत्तरार्धात किंवा बालपणी दिलेली टेट्रासायक्लिन गटाची औषधं दातांना पिवळा-करडा रंग देतात. हे माहीत झाल्यापासून डॉक्टर ती या काळात टाळतात. सगळेच दात निळसर-करडे, अर्धपारदर्शक दिसत असतील आणि भराभर झिजत असतील, तर तो आनुवंशिक दोष असू शकतो. त्याच्याबरोबर कधी हाडं ठिसूळ असण्याचा आजारही असतो, म्हणून बालरोगतज्ज्ञांचंही मत घ्यावं.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि तिथे दातांवरचे पांढरे-तपकिरी डाग लोकांच्या परिचयाचे आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. हे डाग कायमच्या दातांवर जास्त उठतात, दुधाच्या दातांवर कमी. ज्या गावात मोठ्या भावंडांचे दात असे आहेत, तिथे लहानग्यासाठी पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि फ्लोराइडच्या पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

घरी काय करावं, काय करू नये

पहिला दात आला की घासायला सुरुवात. मऊ, लहान डोक्याचा ब्रश. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. पेस्टमध्ये फ्लोराइड 1000 पीपीएमच्या आसपास असावं. लहान मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये ते फार कमी असतं किंवा नसतंच, तेव्हा खोक्यावरचा मजकूर वाचूनच पेस्ट घ्यावी. गिळली जाईल ही भीती रास्त आहे. म्हणून तर मात्रा एवढी लहान ठेवली आहे. रात्रीचं घासणं सकाळपेक्षा महत्त्वाचं, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मोठ्या माणसाने हात लावायलाच हवा.

डाग घालवण्यासाठी राख, कोळशाची पूड, मीठ, खाण्याचा सोडा, लिंबू, खरखरीत लाल मंजन यांपैकी काहीही लहान मुलाच्या दाताला लावू नये. पूड इनॅमल खरवडते, लिंबू ते विरघळवतं. आधीच पातळ असलेलं कवच त्यात आणखी पातळ होतं आणि आतला पिवळा थर जास्त दिसू लागतो. मिश्री तर तंबाखूच आहे. घरातल्या मोठ्यांची डबी मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. दात पांढरे करण्याची, मोठ्यांसाठीची जेल आणि पट्ट्याही या वयाला चालत नाहीत.

डॉक्टरकडे कधी

डाग असो वा नसो, पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी. आपल्याकडे हे अजून अनेकांना अतिशयोक्त वाटतं. पण दुखत असताना पहिल्यांदा दवाखाना पाहणारं मूल त्या खुर्चीला आयुष्यभर घाबरतं, आणि पांढरा पट्टा नेमका पकडला जातो तो अशाच साध्या भेटीत.

हिरडीलगतचा पांढरा पट्टा, न पुसला जाणारा पिवळा-तपकिरी डाग, खडबडीत कडा किंवा खड्डा दिसला तर आठवड्या-दोन आठवड्यांत दाखवावं. मार लागून रंग बदलला असेल तरी तसंच. न दुखणारी काळी रेघ, लोहाची छटा, हिरवा थर यांना घाई नाही, सोयीने गेलं तरी चालेल.

गालावर किंवा डोळ्याखाली सूज, दातदुखीबरोबर ताप, हिरडीवर पूची पुटकुळी, रात्रभर रडणं, खाणं-पिणं बंद, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी जावं. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, गिळायला वा श्वास घ्यायला त्रास होत असेल, मूल सुस्त पडलं असेल तर दाताच्या डॉक्टरची वेळ मिळण्याची वाट न पाहता रुग्णालयात न्यावं. मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून दिल्याने सूज तात्पुरती उतरते, दातातला संसर्ग तसाच राहतो.

दवाखान्यात काय होतं

लहान मुलाला खुर्चीवर एकटं झोपवत नाहीत. आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, मूल आईच्या मांडीवर आणि त्याचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. मूल रडतं, पण रडताना तोंड उघडं राहतं आणि तपासणी मिनिटभरात होते.

पांढऱ्या पट्ट्यावर फ्लोराइड वार्निश लावतात. ते लावल्यावर काही प्रकारांत दात त्या दिवशी पिवळट दिसतात, घासल्यावर रंग जातो. खड्डे असतील तर ते भरणं, नस बिघडली असेल तर तिचे उपचार करून वर टोपी बसवणं, असे पर्याय असतात. बरेच दात किडले असतील आणि मूल फार लहान असेल तर काही वेळा पूर्ण भूल द्यावी लागते.

एका औषधाबद्दल आधी सांगितलं नाही तर पालक चिडतात. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव किडलेल्या भागाला ब्रशने लावतात. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, आणि कीड थांबण्याचं प्रमाण चांगलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. पण त्याने किडलेला भाग कायमचा काळा होतो. निरोगी इनॅमल काळं होत नाही. समोरच्या दातांवर लावायचं असेल तर आधी चित्र दाखवायला सांगावं आणि मग ठरवावं. माझ्या मते, भूल टाळता येत असेल तर दोन वर्षांच्या मुलाच्या दातावरचा तो काळा रंग पत्करण्याजोगा आहे.

कुठे जायचं

लहान मुलांच्या दातांचे खास डॉक्टर असतात, त्यांना पेडोडॉन्टिस्ट किंवा बालदंतरोगतज्ज्ञ म्हणतात. जवळ नसतील तर नेहमीच्या दाताच्या डॉक्टरांपासून सुरुवात करावी. खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईत महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथे मुलांच्या दातांचे स्वतंत्र विभाग आहेत.

गावातल्या पालकांसाठी आणखी एक वाट आहे. 2013 साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांची कीडही आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. पथकातल्या डॉक्टरांना वरचा ओठ उचलून दात दाखवावेत आणि पट्टा, खड्डा किंवा राखाडी दात दिसला तर पुढच्या उपचारांसाठी चिठ्ठी मागून घ्यावी. मूल कधी पडलं, कुठली औषधं चालू आहेत, रात्री दूध कसं पितं, हे सांगायची तयारी ठेवावी आणि लोहाची किंवा इतर सिरपची बाटली सोबत न्यावी.